फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे : १९७१ च्या युद्धातून न परतलेला वैमानिक आणि ‘मिसिंग ५४’ ची न संपलेली गोष्ट

दरवर्षी डिसेंबर उजाडला की १९७१ च्या युद्धाच्या आठवणी सोशल मीडियावर फिरू लागतात. ढाक्यातील शरणागतीचा फोटो, ९३ हजार युद्धकैद्यांचा आकडा, कराचीवरचा नौदलाचा हल्ला. याच गर्दीत एक यादीही दिसते. युद्ध संपले, कैद्यांची देवाणघेवाण झाली, तरी घरी न परतलेल्या ५४ भारतीय सैनिकांची ही यादी. ‘मिसिंग ५४’ या नावाने ती ओळखली जाते.

या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव आहे. मराठी कुटुंबातील हा वैमानिक हवाई दलाच्या ३२ स्क्वाड्रनमध्ये होता आणि सुखोई-७ हे बॉम्बफेकी लढाऊ विमान चालवत होता. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट रोड परिसरावरच्या मोहिमेतून त्याचे विमान परतले नाही. तो त्याच दिवशी मरण पावला की जिवंत पकडला गेला, या प्रश्नाचे दोन्ही देशांना मान्य होईल असे उत्तर पन्नासहून अधिक वर्षांनंतरही मिळालेले नाही.

विजय तांबे कोण होते, त्या दिवशी काय घडले, ते जिवंत असावेत असे कुटुंबाला का वाटत राहिले आणि या प्रकरणात सिद्ध काय झाले आहे, हे समजून घेऊया.

५ डिसेंबर १९७१ : मोहीम काय होती?

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानच्या हवाई दलाने पश्चिम सीमेवरील भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि पश्चिम आघाडीवर युद्धाला तोंड फुटले. भारतीय हवाई दलाने त्याच रात्रीपासून प्रत्युत्तर सुरू केले. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाकिस्तानी हवाई तळ हे मुख्य लक्ष्य होते. धावपट्ट्या उखडायच्या, जमिनीवर उभी असलेली विमाने नष्ट करायची, म्हणजे शत्रूचे हवाई दल जागीच जखडून पडते, असा त्यामागचा हिशेब होता.

शोरकोट रोड हा पाकिस्तानी पंजाबमधील असाच एक तळ. आज तो ‘रफिकी’ या नावाने ओळखला जातो. ते नाव १९६५ च्या युद्धात हलवारा तळावर हल्ला करताना मारले गेलेले पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर सरफराज रफिकी यांचे आहे. परत न आलेल्या आपल्या वैमानिकाचे नाव एका देशाने ज्या तळाला दिले, त्याच तळाच्या परिसरात दुसऱ्या देशाचा वैमानिक बेपत्ता झाला.

अशा तळांभोवती विमानवेधी तोफांचे कडे असते. रडारला चुकवण्यासाठी विमाने जमिनीलगत उडत येतात, लक्ष्याजवळ थोडी उंची घेतात, बॉम्ब किंवा रॉकेट सोडतात आणि पुन्हा खाली जाऊन निघून जातात. उंची घेतल्यानंतरचे ते काही सेकंद सर्वात धोक्याचे. याच टप्प्यात विमान तोफांच्या टप्प्यात येते.

सुखोई-७ हे विमान कसे होते?

सुखोई-७ हे सोव्हिएत बनावटीचे, एक आसनी, एक इंजिनाचे विमान. भारताने ते १९६८ पासून सेवेत घेतले. आकाशातील झटापटीपेक्षा जमिनीवरच्या लक्ष्यावर हल्ला करणे हे त्याचे मुख्य काम. पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि खाली बॉम्ब किंवा रॉकेट असा त्याचा सरंजाम होता. धड मजबूत होते, पण इंजिन इंधन फार पीत असे. त्यामुळे पल्ला कमी आणि लक्ष्यावर थांबायला वेळही कमी.

१९७१ च्या युद्धात हवाई दलाच्या सहा स्क्वाड्रनकडे हे विमान होते. दोन आठवड्यांत त्यांनी सुमारे १५०० हल्ल्याची उड्डाणे केली. या काळात १४ सुखोई-७ विमाने गमावल्याची नोंद आहे आणि त्यांतील बहुतेक जमिनीवरून झालेल्या माऱ्याला बळी पडली.

या आकड्यांमागची एक गोष्ट महत्त्वाची आहे. एक आसनी विमानात वैमानिक एकटा असतो. विमान पडले तर आत काय झाले हे सांगणारा दुसरा कोणी नसतो. बरोबरच्या विमानांतील साथीदार ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने पुढे निघून गेलेले असतात. त्यांना धुराचा लोट दिसतो किंवा रेडिओवरचा आवाज बंद झाल्याचे कळते. पॅराशूट उघडले की नाही, हे अनेकदा कोणालाच दिसत नाही.

दोन जणांच्या विमानात काय होत असे?

‘मिसिंग ५४’ मध्ये मोठ्या बॉम्बफेकी विमानातील कर्मचारीही आहेत. कॅनबेरा हे त्या काळातील हवाई दलाचे मुख्य बॉम्बफेकी विमान होते. त्यात पायलट आणि नॅव्हिगेटर असे दोघे असत. यादीतील फ्लाइट लेफ्टनंट सासून आणि नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट राम मेठाराम अडवाणी ही कॅनबेराची जोडी. दोघेही एकाच रात्री बेपत्ता झाले.

भारताने घेतलेल्या बॉम्बफेकी कॅनबेरात एक क्रूर फरक होता. पायलटला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. विमान पेटले तर नॅव्हिगेटरने आपल्या जागेवरून उठून बाजूच्या दारातून बाहेर उडी घ्यावी, अशी अपेक्षा होती. गरगरणाऱ्या किंवा कमी उंचीवरच्या विमानात हे जवळजवळ अशक्य. सप्टेंबर १९६५ मध्ये सरगोध्याकडील मोहिमेवरून परतताना एक भारतीय कॅनबेरा पाकिस्तानी एफ-१०४ विमानाने पाडले. पायलट लोव बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. नॅव्हिगेटर कपूर मारले गेले.

ते पकडले गेले असे का वाटले?

विमान न परतल्यावर विजय तांबे यांची नोंद बेपत्ता अशी झाली. पण युद्ध सुरू असतानाच कुटुंबापर्यंत एक वेगळी बातमी पोहोचली. ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या ढाक्याच्या वृत्तपत्रात काही भारतीय वैमानिकांना जिवंत पकडल्याचे छापून आले होते आणि त्यात ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. इंग्रजीत तांबे या आडनावाचे स्पेलिंग पाहिले तर एका अक्षराचा फरक. हवाई दलात या नावाशी जुळणारा दुसरा बेपत्ता वैमानिक नव्हता. तेव्हापासून कुटुंबाची आशा या बातमीवर उभी राहिली.

पुढे आणखी काही गोष्टी समोर आल्या.

• डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात पाकिस्तानी कोठडीच्या गजांआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचा फोटो छापून आला. तो मेजर ए. के. घोष यांचा असल्याचे त्यांच्या कुटुंबाने ओळखले. मेजर घोष परत आले नाहीत.

• मेजर अशोक सुरी यांची नोंद युद्धात मृत अशी झाली होती. डिसेंबर १९७४ मध्ये आणि नंतर १९७५ मध्ये त्यांच्या वडिलांना त्यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या मिळाल्या. दुसऱ्या चिठ्ठीत कराचीत आणखी वीस अधिकारी असल्याचा उल्लेख होता. त्यानंतर त्यांची नोंद ‘मृत’ ऐवजी ‘बेपत्ता’ अशी बदलण्यात आली.

• झुल्फिकार अली भुट्टो यांच्या खटल्यावर लिहिणाऱ्या ब्रिटिश पत्रकार व्हिक्टोरिया स्कोफिल्ड यांच्या पुस्तकात लाहोरच्या कोट लखपत तुरुंगातील, मनावर परिणाम झालेल्या भारतीय युद्धकैद्यांचा उल्लेख आहे.

• १९७१ मध्ये पाकिस्तानात अडकलेल्या बांगलादेशातील एका माजी नौदल अधिकाऱ्याने तांबे नावाचा कैदी सोबत असल्याचे सांगितले, असेही वृत्तांत आले.

यांतील प्रत्येक दुवा वेगळ्या वजनाचा आहे. फोटो आणि चिठ्ठ्या ही हातात धरता येणारी गोष्ट, पण त्या तांबे यांच्याबद्दल नाहीत. तांबे यांच्याबद्दलची बातमी युद्धकाळातील वृत्तपत्रातली आहे आणि त्या काळात दोन्ही बाजूंचे दावे तपासून छापले जात नसत. कोणी सांगितलेली आठवण कोर्टात पुरावा म्हणून टिकणे कठीण. पण सगळे एकत्र ठेवले तर शंका झटकून टाकणेही कुटुंबांना शक्य नव्हते.

दमयंती तांबे : आशा आणि पाठपुरावा

विजय तांबे यांच्या पत्नी दमयंती तांबे या त्या काळातील देशातील आघाडीच्या बॅडमिंटनपटू. राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. नंदू नाटेकर, मीना शाह, दिनेश खन्ना यांच्यानंतरच्या पिढीतील हे मोठे नाव. युद्ध सुरू झाले तेव्हा लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते.

त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि त्याच वेळी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर दारोदार फिरल्या. मंत्रालये, खासदार, पंतप्रधान, रेड क्रॉस, पत्रकार असा हा प्रवास अनेक दशके चालला.

१९८३ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगाला भेट देण्याची परवानगी मिळाली. हाती काही लागले नाही. जून २००७ मध्ये १४ नातेवाइकांचे पथक पाकिस्तानात गेले आणि त्यांना वेगवेगळ्या शहरांतील तुरुंग दाखवण्यात आले. तोपर्यंत युद्धाला ३५ वर्षे उलटली होती. त्या भेटीतही १९७१ चा एकही युद्धकैदी सापडला नाही.

कायदा काय सांगतो?

युद्धकैद्यांबाबतचे नियम १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात आहेत. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्याला बांधील आहेत. त्यातील तीन गोष्टी इथे कळीच्या आहेत.

पहिली : पकडल्यानंतर लगेच किंवा छावणीत पोहोचल्यापासून आठवडाभरात कैद्याला आपल्या कुटुंबाला आणि रेड क्रॉसच्या मध्यवर्ती शोध कार्यालयाला कार्ड पाठवण्याची मुभा दिली पाहिजे.

दुसरी : पकडलेल्या सैनिकांची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक देशाने युद्ध सुरू होताच माहिती केंद्र उघडले पाहिजे.

तिसरी : लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडले पाहिजे. त्यासाठी वेगळ्या शांतता कराराची वाट पाहायची नाही.

प्रत्यक्षात देवाणघेवाण रखडली. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला. पाकिस्तानच्या ताब्यातील ६०० हून अधिक भारतीय युद्धकैदी १ डिसेंबर १९७२ रोजी वाघामार्गे परतले. भारताच्या ताब्यातील ९३ हजारांच्या परतीचा मार्ग २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने मोकळा झाला आणि १९७४ मध्ये ती प्रक्रिया संपली. ज्यांची नावे पाकिस्तानने कैदी म्हणून कधी नोंदवलीच नाहीत, त्यांचा प्रश्न या कागदांत कुठेच सुटला नाही. जिनिव्हा करारातील सगळी व्यवस्था नोंदीवर चालते आणि नोंदच नसेल तर कैदी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

परत आलेला दुसरा मराठी वैमानिक

वाघ्याहून परतलेल्यांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर होते. तेही सुखोई-७ चे वैमानिक. तांबे बेपत्ता झाल्यानंतर पाच दिवसांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचे विमान पाडले गेले आणि ते पकडले गेले.

ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे रावळपिंडीच्या कैदी छावणीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरमार्गे ते अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खाना रेल्वे स्थानकाचा रस्ता विचारला. हे स्थानक अनेक दशकांपूर्वीच बंद झाले होते. या प्रश्नाने संशय आला आणि सीमा काही मैलांवर असताना ते पुन्हा पकडले गेले. या पलायनावर पुस्तक निघाले, चित्रपटही आला. ऑगस्ट २०२५ मध्ये परुळकर यांचे निधन झाले.

एकाच प्रकारचे विमान, एकच आघाडी, पाच दिवसांचे अंतर. एका वैमानिकाची कहाणी तो स्वतः सांगू शकला. दुसऱ्याच्या कहाणीचा शेवट सांगायला कोणीच नाही.

सरकार आणि न्यायालयाची भूमिका

१९७९ मध्ये लोकसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानी तुरुंगांत असल्याचे मानल्या जाणाऱ्या सैनिकांची यादी सभागृहात ठेवली. त्यानंतर वेगवेगळ्या सरकारांनी संसदेत दिलेल्या उत्तरांचा गाभा एकच राहिला. भारताच्या मते १९७१ चे ५४ जण धरून एकूण ८३ संरक्षण कर्मचारी पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, आणि पाकिस्तान ते मान्य करत नाही.

बेपत्ता सैनिकांचा प्रश्न न्यायालयातही गेला. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दोन देशांमधील वाद आपापसांतच सोडवायचे, ही सिमला करारापासूनची भारताची भूमिका आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात एक विषय नेला तर इतर विषयांचेही दार उघडते, ही त्यामागची अडचण.

देह नसेल तर निरोप कसा द्यायचा?

बेपत्ता सैनिकाच्या घरात दुःखाला आकार मिळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही, पण मनातून गेलेला नाही आणि गेला असे म्हणताही येत नाही. या अवस्थेला त्यांनी ‘अनिश्चित वियोग’ अशा अर्थाचे नाव दिले. शोक करणे म्हणजे आशा सोडणे, आणि आशा सोडणे म्हणजे विश्वासघात, असा पेच त्यात असतो.

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून संस्कार करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे, आणि परागंदा माणसाची बरीच वर्षे वाट पाहूनच तो करावा असे सांगितले आहे. कायदाही वाट पाहायला सांगतो. सात वर्षे काहीच ठावठिकाणा नसेल तर व्यक्ती मृत मानता येते. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण कायद्याने मानणे आणि घराने मानणे यांत फार अंतर असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने याचे उत्तर दगडावर कोरले. लंडनजवळ रनीमीड येथे थडगे नसलेल्या हवाई सैनिकांची २० हजारांहून अधिक नावे आहेत. त्यातील बरीच बॉम्बफेकी विमानांवरच्या कर्मचाऱ्यांची. पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १६०० हून अधिक कबरी आहेत आणि राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोग आजही त्यांची निगा राखतो. अमेरिकेत व्हिएतनाममधील दीड हजारांहून अधिक बेपत्तांचा शोध अजून थांबलेला नाही. जुन्या अपघातस्थळांवर खोदकाम होते, हाडांच्या तुकड्यांची डीएनए तपासणी होते आणि अर्ध्या शतकानंतर एखाद्या घरी पेटी पोहोचते.

भारत-पाकिस्तानमध्ये अशी संयुक्त शोधव्यवस्था नाही. शोरकोटच्या परिसरात विमान नेमके कुठे पडले, तिथे काय सापडले, हे दोन्ही हवाई दलांच्या नोंदी शेजारी ठेवून कधी तपासले गेलेले नाही. तुरुंग दाखवणे झाले, अपघातस्थळ दाखवणे झाले नाही.

फॉरवर्ड करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

५४ की ८३? दोन्ही आकडे बरोबर आहेत. ५४ हा १९७१ च्या युद्धातील बेपत्तांचा आकडा. ८३ मध्ये हे ५४ आणि इतर घटनांतील बेपत्ता कर्मचारी धरलेले आहेत.

‘५४ जवान आजही जिवंत आहेत’ हे सिद्ध झाले आहे का? नाही. ते ताब्यात असावेत असे भारत सरकार मानते. त्यातील कोण किती काळ जिवंत होते, याचा सर्वमान्य पुरावा नाही.

गजांआडचा तो फोटो विजय तांबे यांचा आहे का? नाही. तो मेजर घोष यांचा म्हणून ओळखला गेलेला फोटो आहे.

यादीत आणखी मराठी नावे आहेत का? हो. फ्लाइट लेफ्टनंट अशोक बळवंत धवळे, फ्लाइट लेफ्टनंट रमेश गुलाबराव कदम आणि फ्लाइट लेफ्टनंट श्रीकांत महाजन ही नावेही त्यात आहेत. त्यांच्यावर पोस्ट क्वचितच फिरतात.

विजय तांबे यांच्या बाबतीत खात्रीने सांगता येते ते एवढेच : ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी मोहिमेवर उड्डाण केले आणि ते परतले नाहीत. त्यांच्या मृत्यूचा पुरावा कुटुंबाला कोणी दिला नाही आणि जिवंत असल्याचा पुरावाही मिळाला नाही. त्यांची आठवण ठेवताना ‘शहीद’ किंवा ‘कैदेतला वीर’ यांपैकी एक शब्द निवडण्याची घाई अनेकदा होते. त्यांच्या सरकारी नोंदीतला ‘बेपत्ता’ हा शब्द मात्र अजून बदललेला नाही.